लिगामेंटचा झिरो कुठे धरायचा? एम.टेक. प्रोजेक्टचे माझे चौदा महिने

"दादा, नवीन लिगामेंट किती ताणून बसवतात रे?" माझ्या धाकट्या बहिणीने ऑपरेशनच्या आदल्या रात्री हा प्रश्न विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कबड्डी खेळते, चढाई करून मध्यरेषेकडे वळताना पाय मॅटवर रोवलेला राहिला, अंग फिरलं आणि गुडघ्यात कट्कन आवाज आला, कोणी हातही लावला नव्हता. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं निघालं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारं लिगामेंट, सरासरी ३२ मि.मी. लांब, आपल्या करंगळीपेक्षाही छोटं. डॉक्टरांनी सांगितलं की मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी शीर, काढून, घडी घालून, हाडांत बोगदे पाडून तिथे बसवायचा. मी मेकॅनिकलचा माणूस, बोल्ट किती टॉर्कने आवळायचा हे मला टेबल बघून सांगता येतं, पण हे टेबल कुठे असतं ते माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी एम.टेक.ला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी गाइड मॅडमना सरळ हेच सांगितलं, की मला एसीएलचं कॉम्प्युटर मॉडेल करायचंय. मॅडम म्हणाल्या, कर, पण आधी एक टेंडन हातात घेऊन ओढून बघ, मग सॉफ्टवेअर उघड. त्या वेळी मला ते वेळ घालवणं वाटलं होतं पण आज मी कोणालाही हेच सांगेन.

वाचायला सुरुवात केली ती युआन-चेंग फंग यांच्यापासून. हा माणूस मुळात विमानांच्या पंखांवर काम करणारा, कॅलटेकमध्ये, आणि १९६६ साली सगळं सोडून सॅन दिएगोला बायोमेकॅनिक्स करायला गेला. त्याच्या आईला काचबिंदू झाला होता आणि तिच्यासाठी तो मेडिकलचे पेपर वाचायला लागला, त्यातून हा नाद लागला असं सांगतात, हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. १९६७ मध्ये त्याने सशाच्या पोटातल्या पातळ पडद्याचा तुकडा ओढून दाखवलं की जिवंत शरीरातला मऊ टिश्यू स्टीलसारखा सरळ रेषेत वागत नाही, जितका ताण जास्त तितका तो जास्त कडक होत जातो, म्हणजे एक्स्पोनेन्शियल. टेंडन आणि लिगामेंटमध्ये याचं कारण डोळ्यांना दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनचे तंतू नागमोडी असतात, त्याला क्रिंप म्हणतात. ओढलं की आधी त्या नागमोडी सरळ होतात, तोवर फार जोर लागत नाही, बल आणि लांबीच्या कर्व्हचा हा सपाट भाग म्हणजे टो रीजन आणि टेंडनमध्ये तो साधारण २ ते ३ टक्के ताणातच, म्हणजे मूळ लांबीपेक्षा तेवढं लांबल्यावर, संपतो, मग तंतू स्वतः ताणायला लागतात आणि कर्व्ह एकदम उभा चढतो.

दुसरा पेपर सॅव्हिओ वू आणि त्यांच्या टीमचा, १९९१ चा. त्यांनी मृत्यूनंतर दान केलेले गुडघे घेऊन एसीएल तुटेपर्यंत ओढले. २२ ते ३५ वयोगटात सरासरी २१६० न्यूटनला तुटलं आणि ६० ते ९७ वयोगटात ६५८ न्यूटनला. एकच लिगामेंट, एकच जागा, आणि वयाने तिपटीपेक्षा जास्त फरक! आणि तरुण गुडघ्यांतच ओढायची दिशा लिगामेंटच्या रेषेऐवजी नडगीच्या रेषेत ठेवली तर २१६० चे १६०२ होतात. हा दिशेचा मुद्दा मी तेव्हा वाचून पुढे गेलो, तो नंतर माझे दोन महिने घेऊन गेला.

टेंडन कुठून आणायचा तर मटणाच्या दुकानातून. सकाळी सहाला जायचं, दुकानातल्या मामांना सांगून ठेवलं होतं की पाया कापताना मागची शीर अख्खी ठेवा, त्यांना आधी विचित्र वाटलं पण बहिणीचं सांगितल्यावर ते स्वतः सुरी लावून टेंडन हाडापासून अलगद सोडवून द्यायला लागले, एक पैसा घेतला नाही. घरी आणून सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळायचं, पिशवी बंद करायची, कॉलेजच्या डीप फ्रीझरमध्ये उणे २० डिग्रीला. टेंडनमध्ये निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, वाळला की त्याची वागणूक बदलते, त्यामुळे टेस्ट चालू असतानाही स्प्रे मारत राहायचा.

आमच्या कॉलेजचं युटीएम, म्हणजे नमुने ओढून तोडायचं मशीन, सळया तोडायचं, त्याचा लोड सेल, म्हणजे बल मोजणारा भाग, इतका मोठा की माझं अख्खं टेंडन तुटलं तरी काटा जेमतेम हलायचा. शेवटी मॅडमच्या ओळखीने इचलकरंजीतल्या एका टेक्स्टाइल लॅबमध्ये गेलो, तिथे सूत आणि कापडाच्या पट्ट्या ओढायचं मशीन होतं, १ किलोन्यूटनचा लोड सेल, अगदी हवं तेवढं. पहिले तीन नमुने वायाच गेले कारण टेंडन ग्रिपमधून साबणासारखा सटकतो, कर्व्ह मस्त चढतो आणि अचानक दातेरी होतो, ती दाती म्हणजे टेंडन तुटतोय असं मला वाटलं होतं पण ते नुसतं सरकणं होतं. मग टोकं थोडी वाळू दिली, त्यांना पॉलिश पेपर सुपरग्लूने चिकटवला आणि मधला भाग ओला ठेवला, तेव्हा जमलं. क्रॉस सेक्शन मोजणं तर अजून वाईट, व्हर्नियर टेकवला की टेंडन दबतो, कोण किती जोरात दाबतं त्यावर आकडा ठरणार. मी दोन बाजूंनी फोटो काढून लंबवर्तुळ धरून एरिया काढला, तो पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण निदान दाबल्यामुळे येणारी चूक तरी त्यात नाही.

आता मुख्य गोष्ट. माझा नमुना ग्रिपमध्ये ४० मि.मी. मोकळा होता. तो बसवताना किंचित ढिला राहिला, समजा १ मि.मी., तर तो २.५ टक्के ताण झाला. आणि आख्खा टो रीजन किती टक्क्यांचा? २ ते ३. म्हणजे मी लांबी मोजायला सुरुवात कुठून केली यावर माझा टो रीजन दिसणार की गायब होणार हे ठरतंय! मी तिथे डोकं धरून बसलो होतो, एका टेंडनचे पाच कर्व्ह पाच जागी सुरू होत होते. लॅबमधले काका, आयुष्यभर यंत्रमागाच्या गावात सूत टेस्ट केलेला माणूस, त्यांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "प्रीटेन्शन दिलं नाहीस वाटतं?" सुताची टेस्ट करताना आधी ठरलेला थोडासा ताण लावतात, सुतासाठी तो ०.५ सेंटिन्यूटन प्रति टेक्स (टेक्स म्हणजे सुताच्या जाडीचं माप) असा नेमका ठरलेला आहे, आणि लांबी तिथून मोजतात. कारण सूत ढिलं असतं. मग त्यांनी कापडाची एक पट्टी लावून दाखवली, आधी सपाट, मग चढ, हुबेहूब माझ्या टेंडनसारखा कर्व्ह, आणि म्हणाले, आधी क्रिंप निघतो मग सूत ताणतं. क्रिंप! विणकामात सूत एकमेकांच्या वरून खालून जातं तेव्हा त्याला जी लाट येते तिला हाच शब्द आहे. मला कोलॅजनचा क्रिंप सहा पेपर वाचून जेवढा कळला नव्हता तेवढा त्या एका पट्टीने कळला.

तिथून मी १ न्यूटनचं प्रीलोड ठरवलं आणि सगळ्या नमुन्यांना तेच ठेवलं. दहा वेळा थोडं ओढून सोडायचं, त्याला प्रीकंडिशनिंग म्हणतात, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कर्व्ह उजवीकडे सरकत जातो आणि मग एका जागी स्थिरावतो. ओढून धरून ठेवलं की लोड आपोआप उतरत जातो तेही पाहिलं, स्ट्रेस रिलॅक्सेशन, पण माझ्या मॉडेलमध्ये मी वेळेचा परिणाम घेतला नाही, चौदा महिन्यांत तेवढं होणार नव्हतं.

मग सॉफ्टवेअर. बायोमेकॅनिक्ससाठीच बनवलेलं एफईबायो घेतलं, युटा विद्यापीठातल्या जेफ्री वाइस यांच्या लॅबने आणि कोलंबियाच्या जेरार्ड अटेशियन यांनी मिळून विकसित केलेलं, संशोधनासाठी फुकट मिळतं. गुडघ्याचा आकार ओपन नी प्रकल्पातून, क्लीव्हलँड क्लिनिकच्या अहमत एर्देमीर यांच्या टीमने एका दान केलेल्या गुडघ्याचे एमआरआय आणि मॉडेल सगळ्यांसाठी खुले केलेत. ७० वर्षांच्या बाईंचा उजवा गुडघा. मी त्या एमआरआयवर रात्री-रात्री एसीएलची कड माउसने रंगवत बसायचो, स्लाइसमागून स्लाइस, हाडाला चिकटायच्या जागी ते इतकं अंधुक होतं की नक्की कुठे संपतं ते ठरवता येत नाही, आणि तेव्हा बऱ्याचदा मनात यायचं की या आजी कोण असतील, नाव-गाव काही माहीत नाही, आणि त्यांचा गुडघा माझ्या पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीत उघडा आहे. मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पहिले आभार त्यांचे मानलेत.

पहिलं मॉडेल मी रबरासारखं केलं, सगळ्या दिशांनी सारखं. ते चाललं पण रबरासारखंच चाललं. मग वाइस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेलं मटेरियल घेतलं, त्यात मऊ पाया वेगळा आणि एका दिशेत जाणारे तंतू वेगळे, तंतू फक्त ओढले की काम करतात, दाबले की शून्य. यात चार-पाच आकडे लागतात, त्या मऊ पायाचा कडकपणा, टो रीजन किती मोठा आणि किती लवकर चढतो, तंतू कुठल्या ताणाला पूर्ण सरळ होतात, आणि सरळ झाल्यावर किती कडक. बकरीच्या टेंडनचे माझे आकडे एसीएलला लावणं चुकीचं ठरलं असतं म्हणून ओपन नीमध्ये वापरलेले एसीएलचे आकडे घेतले, तंतू सरळ होण्याचा ताण ४.६ टक्के आणि नंतरचा कडकपणा सुमारे ५३५ मेगापास्कल. मग माझ्या टेस्टचा काय उपयोग? उपयोग असा की मला प्रत्येक आकडा कर्व्हवर कुठे बसतो ते हाताने माहीत होतं. एकच एलिमेंट, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात त्यातला एक, घेऊन ओढलं, कागदावर गणित करून जुळवलं, आणि जुळेपर्यंत पुढे गेलो नाही.

तंतूंची दिशा हा तो दोन महिन्यांचा खड्डा. मी सुरुवातीला सगळ्या तंतूंना एकच उभी दिशा दिली होती, सोपं म्हणून. एसीएल तिरकं असतं, वर पीळ घेत जातं. त्यामुळे मॉडेलमध्ये तंतू लिगामेंटच्या बाजूच्या कडेतून बाहेर पडत होते आणि लिगामेंट असं काही लांबत होतं की हाड सरकत सरकत जायचं आणि मग सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, थांबायचा, निगेटिव्ह जेकोबियन, म्हणजे एखादं एलिमेंट इतकं चुरगळलं की आतून बाहेर उलटलं. मी मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, बारीक कर, स्टेप लहान कर, बल्क मॉड्युलस कमी-जास्त कर, सगळं केलं. एक दिवस नुसते तंतूंचे बाण स्क्रीनवर काढून बघितले आणि वूंचे २१६० आणि १६०२ आठवले. मग मेश नव्याने केला, विटांसारख्या एलिमेंटचा, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत ओळीने जाणारा, आणि प्रत्येक एलिमेंटच्या स्वतःच्या कडेवरून तंतूची दिशा घेतली. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी रिझल्ट बघायच्या आधी बाण बघा, कृपा करून.

मॉडेल चाललं. आता टेस्ट अशी की नडगीचं हाड १३४ न्यूटनने पुढे ओढायचं, प्रयोगशाळांमध्ये हा आकडा नेहमी वापरतात, आणि ते किती पुढे सरकतं ते बघायचं. डॉक्टर गुडघा साधारण ३० डिग्री वाकवून हाताने हेच करतात, लॅकमन टेस्ट, बहिणीचं निदान टेबलावर असंच झालं होतं. माझ्या मॉडेलचं हाड प्रयोगांमधल्या हाडांपेक्षा बरंच जास्त सरकलं. लिगामेंट शाबूत असून गुडघा तुटल्यासारखा ढिला.

इथे पुन्हा तोच झिरो आडवा आला. एमआरआय काढला तेव्हाचा आकार मी शून्य ताणाचा धरला होता. पण जिवंत गुडघ्यात लिगामेंट कधी शून्यावर नसतंच, आराम करताना सुद्धा ते थोडं ताणलेलं असतं, यालाच प्रीस्ट्रेन म्हणतात. वाइस यांच्याच लॅबने गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, एमसीएलवर, हे मोजलंय, आधी खुणा करायच्या, मग लिगामेंट हाडापासून सोडवायचं आणि ते किती आखडतं ते बघायचं. काही टक्के आखडतं. त्या रात्री मी वहीत एक साधा हिशोब केला, फक्त तंतूंचा हिस्सा, एरिया साधारण ४४ चौरस मि.मी. १ टक्का ताणाला बल येतं जेमतेम १ न्यूटन. ३ टक्क्यांना सुमारे २० न्यूटन. ५ टक्क्यांना २०० च्या वर! आणि ३२ मि.मी. लांबीत ३ आणि ५ टक्क्यांमधलं अंतर किती, तर ०.६४ मि.मी. हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या एमआरआयचा एक स्लाइसच ३ मि.मी. च्या आसपास जाड असतो. म्हणजे फोटोत दिसूच शकत नाही एवढ्या फरकाने लिगामेंटमधलं बल दहापट होतं. मी ते पान फोटो काढून मॅडमना पाठवलं, रात्री दीड वाजता, त्यांचं सकाळी उत्तर आलं, "आता तू प्रोजेक्टला सुरुवात केलीस."

प्रीस्ट्रेन नुसता भरून चालत नाही हे पुढचं. तुम्ही प्रत्येक एलिमेंटला सांगितलं की तू ३ टक्के ताणलेला आहेस, तर ते सगळे एकमेकांना ओढायला लागतात आणि लिगामेंटचा एमआरआयमधला आकारच बिघडतो. मग आकार आणि ताण दोन्ही जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा सुधारत जायचं, एफईबायोमध्ये त्यासाठी सोय आहे, २०१६ च्या त्यांच्या पेपरमध्ये पद्धत दिलीये. एकेक रन रात्रभर चालायचा, मी वर्कस्टेशनवर चिठ्ठी लावून जायचो की बंद करू नका.

३० डिग्रीला माझा कर्व्ह प्रयोगांच्या पट्ट्यात बसला तेव्हा मी पेढे घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, प्रीस्ट्रेनचा आकडा कसा ठरवलास? म्हटलं, कर्व्ह जुळेपर्यंत बदलत गेलो. त्या म्हणाल्या, मग हे कॅलिब्रेशन झालं, व्हॅलिडेशन नाही, आता काहीही न बदलता गुडघा ९० ला वाकव आणि दाखव. ९० ला जुळलं नाही. बरेच दिवस लागले कारण कळायला, एसीएलचे दोन जुडगे असतात, पुढचा-आतला आणि मागचा-बाहेरचा, पाय सरळ असताना मागचा घट्ट आणि वाकवला की पुढचा घट्ट. मी दोघांना एकच ताण दिला होता. दोन भाग वेगळे केले, वेगळा प्रीस्ट्रेन दिला, तरीही ९० ला पूर्ण नाही जुळलं, पण चूक निम्म्यावर आली आणि कुठल्या दिशेची चूक आहे ते मला सांगता येत होतं. व्हायवामध्ये मी तो न जुळलेला ग्राफ आधी दाखवला. एका परीक्षकांनी विचारलं की ७० वर्षांच्या गुडघ्याचा आकार आणि मटेरियलचे आकडे दुसऱ्याच लोकांच्या टेस्टमधले, हे चालतं का? मी म्हटलं, सर, एका माणसासाठी उत्तर देण्याइतकं नाही चालत, कुठला आकडा बदलला की किती फरक पडतो हे कळण्यासाठी चालतं. यावर माझा अजूनही विश्वास आहे. लोक रंगीत स्ट्रेसचे फोटो दाखवून पेशंटबद्दल ठामपणे बोलतात ते मला पटत नाही, ज्या मॉडेलने प्रीस्ट्रेन कुठून घेतला ते लिहिलेलं नाही त्याच्या लाल रंगावर मी विश्वास ठेवत नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बहिणीला लॅपटॉपवर सगळं दाखवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर जेवढं मिळालं तेवढं सांगितलं, की ग्राफ्ट, म्हणजे नवीन लिगामेंट म्हणून लावलेला टेंडन, बसवताना साधारण २० ते ९० न्यूटनच्या मध्ये ताण देतात असं पेपरमध्ये दिसतं, म्हणजे दोन ते नऊ किलोचं वजन टांगल्याएवढा, आणि त्यावर अजून एकमत नाही. ढिला राहिला तर गुडघा पुढे सरकतो, जास्त आवळला तर हाडं एकमेकांवर दाबली जातात. आणि पक्कं करायच्या आधी सर्जन गुडघा अनेकदा वाकवून सरळ करतात, ते म्हणजे माझ्या मशीनवरच्या दहा फेऱ्याच, ग्राफ्ट आधी जेवढा सैल पडायचाय तेवढा पडू दे म्हणून. ती सगळं ऐकत होती, पाय लांब करून, गुडघ्यावरची ती छोटी खूण खाजवत. मग म्हणाली, "ते सगळ्यांचं झालं, माझ्या गुडघ्यात किती?"

तिच्या एमआरआयची सीडी आईने कपाटात रिपोर्टच्या फाइलमध्ये जपून ठेवली होती. ती घेऊन आलोय. स्लाइस जाड आहेत, कड अंधुक आहे, पहिले सात रंगवून झालेत.